स्टाफच्या संशोधन प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे ठरवायचं कसं?

नर्सिंगट्यूटर_सातारा

नमस्कार. मी साताऱ्याजवळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नर्सिंग ट्यूटर आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे स्टाफसाठी संशोधन पद्धतीचं प्रशिक्षण झालं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तीन दिवस शिकवलं आणि पुढे काही महिने महिन्यातून एकदा ऑनलाइन तास झाला. एकूण ३२ जण होते. बहुतेक स्टाफ नर्स, शिवाय फिजिओथेरपीचे, लॅबचे आणि काही ज्युनिअर डॉक्टर. आता विश्वस्तांनी विचारलंय की पुढच्या वर्षी पुन्हा पैसे घालायचे का, अहवाल द्या. तो अहवाल मला लिहायचा आहे.

माझ्या हातात काय आहे ते सांगते. शेवटच्या दिवशी भरून घेतलेले फीडबॅक फॉर्म आहेत, त्यात पाचपैकी पाच किंवा चारच्या खाली फारसं कोणी गेलेलं नाही. प्री-टेस्ट आणि पोस्ट-टेस्ट आहे, दोन्हीला तोच २० मार्कांचा पेपर, सरासरी ९ वरून १५ वर गेली. हजेरीपट आहे, सर्टिफिकेट देतानाचे फोटो आहेत. एवढ्यावर 'प्रशिक्षण यशस्वी झाले' असं लिहिलं तर कोणी हरकत घेणार नाही. पण सलाईन लावलं म्हणून पेशंट बरा झाला असं आपण ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, सांगत नाही. इथे मात्र आपण नेमकं तेच करतोय असं मला राहून राहून वाटतं.

एक उदाहरण देते, म्हणजे माझी अडचण कळेल. मेल मेडिकल वॉर्डच्या एका सिस्टरनी प्रशिक्षणात प्रश्न मांडला होता: इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालून ठेवलेली नळी, दर तीन दिवसांनी बदलायचीच का? पेशंट म्हातारा, शीर सापडत नाही, आणि व्यवस्थित चाललेली इंट्राकॅथ काढून दुसऱ्या हाताला पुन्हा टोचाटोची करायची, नातेवाईक शेजारी उभे. प्रश्न रोजच्या कामातला होता, कोणाच्या पुस्तकातून उचललेला नव्हता. त्यांनी शंभरपानी वहीत पट्टीने रेघा मारून तक्ता केला. खाट नंबर, कोणता हात, कधी घातली, लाली, सूज, कधी काढली, का काढली. 'का काढली' या रकान्यात 'तीन दिवस झाले म्हणून', 'पेशंटने ओढली', 'डिस्चार्ज', 'हात सुजला' असं प्रत्येकाचं वेगळं कारण लिहिलंय. नाईटलासुद्धा नोंदी सुटलेल्या नाहीत. आणि मग त्यांची ड्युटी ओटीला (ऑपरेशन थिएटरला) लागली. ऑनलाइन तासाला गाईडकडे विचारायचं राहिलं, वही त्यांच्या कपाटात राहिली. त्यांच्या फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच आहेत आणि पोस्ट-टेस्टला १८.

आता या सिस्टरांना मी कोणत्या रकान्यात टाकू? प्रशिक्षण यशस्वी की अयशस्वी? ३२ पैकी एकाचाही शोधनिबंध, म्हणजे पेपर, छापून आलेला नाही, आमचे एक विश्वस्त म्हणतात की पेपर नाही म्हणजे काहीच नाही. मला ते पटत नाही, पण मग मोजायचं काय हेही ठरवता येत नाही. आणि तुलना करायची तर कोणाशी करायची? ज्यांनी असं काही चालवलंय किंवा त्यातून गेलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पीजी_दुसरं_वर्ष

मॅडम, मी सांगली जिल्ह्यात एमडी करतोय. तुमच्या पोस्ट-टेस्टबद्दल अनुभव सांगतो.

आम्हा पीजींना (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या चेन्नईच्या एनआयई या साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन बेसिक कोर्स सक्तीचा आहे. व्हिडिओ बघायचे, असाइनमेंट द्यायच्या, सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. कोर्स चांगला आहे. केस-कंट्रोल म्हणजे काय, बायस म्हणजे काय, हे मला त्यातूनच नीट कळलं, आणि ऑनलाइन असल्यामुळे कुठल्याही कॉलेजचा मुलगा ते शिकू शकतो. माझ्या बॅचचे जवळपास सगळे पास झाले. पण थिसिसचा सिनॉप्सिस (आराखडा) लिहायला बसलो तेव्हा सॅम्पल साइजपाशी, म्हणजे अभ्यासात किती पेशंट घ्यायचे यापाशी, सगळे अडकले. सूत्र पाठ होतं. त्यात घालायचा आकडा, म्हणजे आपल्यासारख्या पेशंटमध्ये हा आजार किती टक्के सापडतो, तो कुठून आणायचा आणि कोणता पेपर विश्वासाचा मानायचा, हे कोणालाच जमत नव्हतं. शेवटी सीनिअरच्या थिसिसमधला आकडा उचलायचा, असं चालतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पोस्ट-टेस्टमध्ये 'सॅम्पल साइजचं सूत्र कोणतं' विचारलं असेल तर ते १५ मार्क बाजूला ठेवा. खरं काम करताना माणूस कुठे थांबतो ते बघा. ते त्याला लिहायला बसवल्याशिवाय दिसत नाही.

---

निवृत्त_पीएसएम_सांगली

ट्यूटर मॅडम, मी बरीच वर्षं पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यक) शिकवलं, थिसिसचे गाईड म्हणून काम केलं, संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीवर बसलो. आता विश्रामबागला असतो. तुमच्या प्रश्नावर थोडं लांब लिहितो, कारण हा अहवाल तुम्ही नीट लिहिलात तर तुमच्या सिस्टरांचं भलं होईल.

तुमचे फॉर्म फेकून देऊ नका, पण ते कशाचं उत्तर आहेत ते ओळखा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. लोकांना आवडलं का, लोक शिकले का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेला किंवा पेशंटला काही फरक पडला का. तुमच्याकडे पहिली पायरी पूर्ण आहे आणि दुसरी अर्धी. आपल्याकडचे बहुतेक अहवाल इथेच संपतात, कारण ही माहिती हॉलचं दार बंद होण्याआधी गोळा होते. तिसरी आणि चौथी पायरी वॉर्डात जाऊन, काही महिन्यांनी बघावी लागते. तुम्ही त्या वेळेलाच पोचला आहात. वर्ष उलटलंय हे तुमच्या पथ्यावर पडलं असं समजा.

आधी त्या २० मार्कांच्या पेपरचं. तोच पेपर दोनदा दिला की काही मार्क नुसत्या ओळखीने वाढतात. आणि 'मला संशोधन कितपत जमतं' असं लोकांना स्वतःलाच विचारलं असेल, तर आणखी एक गोष्ट घडते. प्रशिक्षणाआधी ज्याला सॅम्पलिंग म्हणजे काय हेच माहीत नाही, तो बिनधास्त चारवर टिक करतो. प्रशिक्षणानंतर त्यातलं खोल पाणी दिसलं की तोच माणूस प्रामाणिकपणे तीनवर टिक करतो. कागदावर दिसतं की घसरला, प्रत्यक्षात तो शिकलेला असतो. यावर एक साधा उपाय आहे. शेवटी एकदाच दोन्ही विचारायचं: आज तुम्ही कुठे आहात, आणि आज मागे वळून पाहता तेव्हा कुठे होता. हा आकडासुद्धा स्वतःबद्दलचाच, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नका. पण निदान तो उलटा बोलत नाही.

चांगली परीक्षा कशी असते हे बघायचं तर फ्रेस्नो टेस्ट बघा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथे तयार झाली, २००३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आली. पुराव्यावर आधारित वैद्यक शिकवून झाल्यावर डॉक्टरांना खरोखर काय येतं ते तपासायला ती केलेली आहे. त्यात पर्याय निवडायचे नसतात. पेशंटची हकीकत देतात आणि लिहायला सांगतात: यातून तुमचा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडा, उत्तर कुठे शोधाल, सापडलेल्या अभ्यासावर विश्वास ठेवायचा की नाही हे कशावरून ठरवाल. गुण कसे द्यायचे याची पट्टी आधी ठरलेली असते. तुम्ही तशीच एका पानाची, मराठीत, तुमच्या वॉर्डांतली हकीकत करा. पेपर इंग्रजीत काढलात तर तुम्ही इंग्रजी तपासाल.

तुलनेचा प्रश्नही इथेच सुटतो. पुढच्या बॅचला यायची इच्छा असलेले लोक तुमच्याकडे असतीलच. त्यांनाही तेच पान लिहायला द्या. सगळी पानं एकत्र करा, नावं झाका, नंबर टाका आणि दोन जणांकडून वेगवेगळी तपासून घ्या. तपासणाऱ्याला कोण शिकलेलं आहे हे कळता कामा नये. इच्छा असलेल्यांशीच तुलना करायची, कारण ज्यांना संशोधनात रसच नाही त्यांच्याशी तुलना केलीत तर तुमचे ३२ जण प्रशिक्षण न घेताही उजवे दिसले असते.

आता खरा भाग. प्रत्येक माणसाच्या प्रश्नाचा माग काढा. ३२ जणांची यादी घ्या. पूर्ण ३२ घ्या, नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या, बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या, मधूनच येणं बंद केलेल्या, सगळ्या. आज जे समोर आहेत त्यांनाच विचारलंत तर अहवाल आपोआप गोड होतो. प्रत्येक नावापुढे बघा: प्रश्न लिहिला का, आधी कोणी उत्तर शोधलंय का हे पाहिलं का, प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, झाला का, एथिक्स कमिटीकडे गेला का, माहिती गोळा झाली का, ती मोजून काढली का, कोणासमोर मांडली का, वॉर्डात काही बदललं का. 'हो, केलं' असं तोंडी सांगितलेलं धरू नका. प्रोटोकॉल असेल तर कागद बघा, एथिक्सला गेला असेल तर सेक्रेटरींच्या आवक रजिस्टरला नोंद असेल. आणि जिथे थांबलं तिथे का थांबलं हे त्या माणसाच्या शब्दांत लिहून घ्या. ड्युटी बदलली, गाईडने उत्तर दिलं नाही, मोजता आलं नाही, इनचार्जने कामात अडथळा म्हणून बंद करायला लावलं, घरी वेळ नाही. ही कारणं एकाखाली एक मांडलीत की प्रशिक्षणात काय कमी पडलं आणि रुग्णालयात काय कमी पडलं हे वेगळं दिसेल. माझ्या मते तुमच्या अहवालाचा गाभा हाच.

तुमच्या इंट्राकॅथवाल्या सिस्टरांचंच घ्या. त्यांच्या प्रश्नावर मोठा अभ्यास झालेला आहे. क्लेअर रिकर्ड या स्वतः नर्स असलेल्या संशोधक. त्यांच्या गटाने ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ पेशंट घेतले. अर्ध्यांची इंट्राकॅथ तिसऱ्या दिवशी ठरवून बदलली, अर्ध्यांची गरज पडेल तेव्हाच. फ्लेबायटिस, म्हणजे शिरेला येणारी सूज, दोन्हीकडे ७ टक्के. हा पेपर २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. म्हणजे मिरज-साताऱ्याच्या वॉर्डात उभ्या असलेल्या सिस्टरला जो प्रश्न पडला, तोच जगातल्या नामांकित जर्नलने छापण्यासारखा होता. हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी दाखवायला हवं होतं. शोधून पाहायला शिकवलं असतं तर त्या स्वतःच तिथे पोचल्या असत्या. त्या पोचल्या नाहीत, हा शेरा प्रशिक्षणावर बसतो, सिस्टरांवर नाही.

आणि तो पेपर हाती आला म्हणून त्यांचं काम संपत नाही. तिथलं ७ टक्के म्हणजे इथलं ७ टक्के नव्हे. तिथे इंट्राकॅथ घालणारे हात, निर्जंतुकीची शिस्त, दर पाळीला जागा बघून नोंद करण्याची सवय, सगळं वेगळं असू शकतं. आपल्या वॉर्डात किती जणांचा हात सुजतो हे माहीत नसताना तीन दिवसांचा नियम काढून टाकणं धोक्याचं आहे. ते सांगणारी एकच गोष्ट तुमच्या रुग्णालयात आहे, ती म्हणजे ती वही. संसर्ग नियंत्रण समितीपुढे ती ठेवता येईल.

पेपरबद्दल विश्वस्तांना काय सांगाल? जगात असे कार्यक्रम आहेत जे पेपरवरच मोजतात, आणि ते चांगले चालतात. सॉर्ट-इट नावाचा संशोधन प्रशिक्षणाचा कार्यक्रम २००९ मध्ये द युनियन आणि एमएसएफ या आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थांनी सुरू केला, पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या टीडीआर या संशोधन विभागाने तो जगभर नेला. तीन मॉड्यूल: पहिल्यात प्रश्न आणि प्रोटोकॉल, दुसऱ्यात माहितीची नोंद आणि विश्लेषण, तिसऱ्यात पेपर लिहिणं. प्रत्येक टप्प्याचं काम ठरल्या तारखेला दिलं नाही तर पुढे जाता येत नाही, आणि शेवटच्या मॉड्यूलनंतर चार आठवड्यांत पेपर जर्नलला पाठवावा लागतो. त्यांचं उद्दिष्ट आहे की किमान ८० टक्के लोकांनी पेपर पाठवावा आणि पाठवलेल्यांपैकी किमान ८० टक्के १८ महिन्यांत छापून यावेत. नंतर ते आणखी विचारतात की त्या अभ्यासामुळे धोरणात किंवा कामात काही बदल झाला का. पण तिथे प्रत्येक गटामागे मेंटर बसलेला असतो, आणि बहुतेक जण आपल्याच कार्यक्रमाची आधीपासून साठलेली माहिती घेऊन येतात. तीन दिवस शिकवून मग महिन्याला एक तास देणाऱ्या प्रशिक्षणाला तो ८० टक्क्यांचा गज लावू नका. आधी तुमच्या प्रशिक्षणाचा मूळ प्रस्ताव काढून बघा, त्यात काय कबूल केलं होतं. 'संशोधनाची ओळख' एवढंच लिहिलं असेल तर पेपर मागणं अन्याय आहे. 'प्रत्येक जण अभ्यास पूर्ण करेल' असं लिहिलं असेल तर आयोजकांनाही जाब विचारा.

नुसत्या पेपरच्या संख्येवर मोजायला लागलात तर पुढच्या वर्षी पैसे भरून चार दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलांत पेपर येतील. मी अशा पेपरांच्या फाइली पाहिल्या आहेत, आणि तरुण मुलांची पहिली उमेद त्यात वाया जाते याचं मला फार वाईट वाटतं. पेपर मोजायचेच असतील तर पेपरमध्ये काय काय लिहिलेलं असावं हे सांगणारी स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची यादी घेऊन किती मुद्दे नीट लिहिलेत ते मोजा. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी ती फुकट मिळते.

---

सीएचओ_माण

सर, मॅडम, मी माण तालुक्यात उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. एका संस्थेचं असंच प्रशिक्षण मी घेतलं. माझा पेपर नाही. पण मला काय मिळालं ते सांगते.

आपला सातारा जिल्हा इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह या रक्तदाब नियंत्रणाच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक. बीपीच्या प्रत्येक पेशंटचं कार्ड असतं, दर तिमाहीला बघायचं असतं की किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं, किती जणांचं नाही आणि किती जण आलेच नाहीत. प्रशिक्षणाआधी माझं सगळं लक्ष आलेल्या पेशंटवर असायचं. प्रशिक्षणात एका मॅडमनी आमच्याच रजिस्टरवरून विचारलं, "जे आले नाहीत ते कोण आहेत?" मी घरी कार्डं मांडून बसले. न आलेल्यांत मेंढरं घेऊन बाहेर पडणारी माणसं बरीच होती. दिवाळीनंतर ती गाव सोडतात, पाऊस लागेपर्यंत परत येत नाहीत. ते औषध टाळत नव्हते, ते इथे नव्हतेच. आता वाड्यावरनं कळप निघायच्या आधी आशाताई मला निरोप देते, आम्ही बीपी बघतो, मेडिकल ऑफिसर साहेबांना विचारून जास्त दिवसांच्या गोळ्या बांधून देतो आणि कार्डाचा फोटो घरातल्या पोराच्या मोबाईलवर देतो. हे कुठल्या जर्नलला गेलं नाही. पण सर म्हणाले ती तिसरी पायरी हीच ना?

म्हणून मॅडम, तुमच्या ३२ जणांना 'संशोधन केलं का' असं विचारू नका. बऱ्याच जणी नाही म्हणतील. 'रजिस्टर बघण्याची, कामाची काही पद्धत बदलली का, दाखवा' असं विचारा.

आणखी दोन गोष्टी. प्रशिक्षणाची किंमत कोणी भरली हेही विचारा. आमचे तास रविवारी असायचे. लहान मुलं असलेल्या दोघी दुसऱ्या महिन्यात गळाल्या, हजेरीपटावर त्यांच्यापुढे फक्त 'गैरहजर' आहे. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, तास संपल्यावर आम्ही व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकमेकींना मराठीत समजावून सांगायचो, खरं शिकणं तिथे झालं.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातंय. माझ्या उपकेंद्राची माहिती मी एकदा वर दिली होती, ती एका परिषदेत पोस्टर म्हणून लागली. त्यावर माझं नाव नव्हतं, आशाताईचं तर नाहीच. फोटो कोणीतरी फॉरवर्ड केला तेव्हा मला कळलं. त्यानंतर आमच्या भागातल्या चार जणींनी ठरवलं की आता कोणाला काही द्यायचं नाही. प्रशिक्षणाने जे कमावलं ते त्या एका पोस्टरने घालवलं. तुमच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न हवाच: तुमचं काम तुमच्या नावाने गेलं का?

---

नर्सिंगट्यूटर_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. सर, तुमचं उत्तर मी छापून घेतलं आणि मेट्रन मॅडमना वाचायला दिलं. ताई, तुमचा शेवटचा मुद्दा आमच्याकडे कोणी बोलून दाखवला नसता, तो मी तुमच्याच शब्दांत फॉर्ममध्ये घालते आहे.

प्रस्ताव काढून पाहिला. त्यात लिहिलंय की प्रशिक्षण संपताना प्रत्येकाकडे 'अंतिम प्रोटोकॉल' असेल. पेपरचा उल्लेखच नाही. म्हणजे मोजायचा गज मिळाला.

माग काढायला सुरुवात केली आणि लगेच अडचण आली. एका सिस्टरनी विचारलं, "मॅडम, मी काहीच केलं नाही असं सांगितलं तर माझं नाव वर जाईल का? कॉन्फिडेन्शियल रिपोर्टला लागेल का?" मी नाही म्हणाले, पण मी त्यांची सीनिअर आहे, त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही. यावर काय करायचं? या तपासणीला एथिक्स कमिटीची परवानगी लागते का? आणि विश्वस्तांना एक आकडा हवाच आहे, टक्केवारीत. काय देऊ?

---

निवृत्त_पीएसएम_सांगली

त्या सिस्टरांची भीती रास्त आहे आणि ती तुमच्या माहितीवर थेट परिणाम करेल. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वरिष्ठांच्या हाताखाली असलेल्यांना, ज्यांना नकार दिला तर त्रास होईल अशी धास्ती असते त्यांना, विशेष जपायला सांगितलंय. मुलाखती तुम्ही घेऊ नका. बाहेरचं कोणी घ्या, दुसऱ्या नर्सिंग कॉलेजच्या एखाद्या शिक्षिका चालतील. नावांची यादी त्यांच्याकडेच राहू दे, तुमच्याकडे नंबर येऊ देत. एका वॉर्डात प्रशिक्षण घेतलेली एकच सिस्टर असेल तर अहवालात वॉर्डाचं नावही लिहू नका, नाव न लिहिता ओळख पटते. ओटीला बदली झालेल्या सिस्टरांचं उदाहरण द्यायचं असेल तर त्यांना विचारूनच.

एथिक्सचं असं. फक्त विश्वस्तांसाठी अंतर्गत अहवाल असेल तर ती कामाची तपासणी झाली. पण पुढे कुठे मांडायचा किंवा छापायचा थोडाही विचार असेल, तर माहिती गोळा करायच्या आधी कमिटीकडे अर्ज द्या. सूट मिळेल किंवा लवकर मंजुरी मिळेल, पण ते कमिटीने ठरवायचं. झाल्यावर मागच्या तारखेची परवानगी कोणतीही नीट कमिटी देत नाही. मी म्हणेन द्याच. आपल्या जिल्ह्यांतल्या अशा प्रशिक्षणांबद्दल प्रामाणिकपणे लिहिलेलं फार थोडं आहे आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे.

आकडा टक्केवारीत देऊ नका. ३२ जणांत दोन माणसं इकडची तिकडे झाली की टक्के सहाने हलतात. '३२ पैकी इतक्यांकडे प्रोटोकॉल आहे, त्यातले इतके कमिटीकडे गेले, इतके या कारणाने थांबले' असं सरळ लिहा. पी-व्हॅल्यू, म्हणजे फरक योगायोगाचा असू शकतो का हे बघायचा संख्याशास्त्रीय आकडा, काढायच्या फंदात पडू नका. त्याखाली दोन जणांची हकीकत पानभर द्या, एक ज्यांचं काम सर्वात पुढे गेलं त्यांची आणि एक ज्यांचं सुरुवातीलाच थांबलं त्यांची. विश्वस्त आकडा वाचून मान डोलावतील, पण निर्णय घेतील तो हकीकतीवर.

आणि अहवालात एक गोष्ट स्पष्ट मागा. पुन्हा प्रशिक्षण द्यायचं असेल तर अभ्यास चालू असेपर्यंत त्या माणसाची ड्युटी त्याच वॉर्डात राहील असं मेट्रन मॅडमच्या सहीने लेखी हवं, आणि आठवड्यातले काही तास ड्युटीत धरलेले हवेत, ऑफमधले नकोत. हे मिळणार नसेल तर पुढच्या वर्षी पैसे घालू नका असं मी तरी लिहीन. लेखकांची नावं कोणत्या क्रमाने जाणार हेही प्रोटोकॉलच्या पहिल्याच पानावर लिहून सह्या घ्या. माणच्या ताईंच्या बाबतीत जे झालं ते त्या एका पानाने टळलं असतं.

---

पीजी_दुसरं_वर्ष

मॅडम, नावं झाकलेली पानं तपासायला दुसरा माणूस हवा असेल तर मी तयार आहे. गुणांची पट्टी मात्र आधी पाठवा, आणि पहिली पाच पानं सर आणि मी दोघंही तपासू. फार फरक पडला तर पट्टीतले शब्द दुरुस्त करून मगच पुढची घेऊ.

---

सीएचओ_माण

नोकरी सोडून गेलेल्यांना फोन करणार असाल तर दुपारी दोनच्या सुमारास करू नका, कुठल्याही रुग्णालयात तेव्हा ओव्हर चालू असतं. संध्याकाळी साडेसातनंतर उचलतात. आणि पहिल्यांदा तुमच्या नंबरवरून मेसेज टाकून ठेवा की या नावाच्या मॅडमचा फोन येईल, नाहीतर अनोळखी नंबर कोणी घेत नाही.